गुरूचं नाव गाण्यात

पुण्याजवळच्या मोशीसारख्या वाढत्या उपनगरात गिटार शिकायला निघालेली मुलं आता सहज दिसतात. सुरुवातीला तारा बोटांना काचतात, एफ कॉर्ड धरताना पहिलं बोट सहाही तारांवर नीट दाबलं जात नाही आणि आवाज दबका येतो. अंगठा मानेमागे कुठे टेकवायचा, हे चांगला शिक्षक हात धरून दाखवतो. ती सवय जन्मभर राहते.

अशा शिक्षकाला मिळू शकणारी सर्वांत मोठी दाद एका व्हायोलिनगुरूला मिळाली. गोव्यातल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत ते वादक आणि अरेंजर होते. स्टाफ नोटेशनवर त्यांची हुकमत होती आणि आपली रागदारी पाश्चात्त्य वाद्यवृंदात आणण्याचा त्यांना ध्यास होता. 1958 साली त्यांनी त्यासाठी स्वतःचा वाद्यवृंद उभारला. हे काम मला त्यांच्या चित्रपटांतल्या कामापेक्षाही मोठं वाटतं.

त्यांच्याकडे व्हायोलिन शिकलेला एक मुलगा म्हणजे लक्ष्मीकांत-प्यारेलाल या संगीतकार जोडीतले प्यारेलाल. लहान वयातच दिवसाचे आठ-आठ तास रियाज करणारा. 1977 च्या ‘अमर अकबर अँथनी’मध्ये अमिताभ बच्चन यांच्या पात्राला या जोडीनं जे गाणं दिलं, त्यात प्यारेलालजींनी आपल्या गुरूंचं नाव गुंफलं. पडद्यामागे वाजवणाऱ्यांची नावं तेव्हा श्रेयनामावलीतही क्वचितच येत. हे नाव मात्र गणपतीच्या मांडवापासून लग्नाच्या वरातीपर्यंत पोचलं. गोन्साल्विस 2012 साली गेले. गाणं अजून वाजतंय.