सावधपणाचा जमाखर्च
(वार्षिक सर्वसाधारण सभेतील भाषण)



आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. औषधशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. जमाखर्च तेवढा कळतो. आज एका औषधाचा जमाखर्च आपणांपुढे मांडण्याची अनुज्ञा असावी.

आमच्या रुग्णालयाच्या औषध-खिडकीवर एक ट्रॅक्टरचालक गृहस्थ आले. नैराश्यासाठी दिलेल्या गोळ्या त्यांनी आठव्याच दिवशी सोडल्या होत्या. "डोकं जड रायते जी, धुऱ्यावर ट्रॅक्टर वळवताना हात मांगं पडते," एवढेच ते म्हणाले. दोष त्यांचा नव्हता. पाकिटावर आम्ही 'रात्री १' याखेरीज काहीही लिहिले नव्हते.

आमच्या डॉक्टर मंडळींनी याचे कारण समजावून दिले. ॲमिट्रिप्टिलीन, इमिप्रामिन यांसारखी जुनी औषधे, तसेच मिर्टाझापिन, ही मेंदूस जागृत ठेवणाऱ्या हिस्टामिनचे कार्य रोखतात. त्यामुळे गुंगी येते, हालचालींचा मेळ बिघडतो, प्रतिसादास विलंब होतो. जुन्या औषधांनी उठून उभे राहताना रक्तदाबही उतरतो आणि वृद्ध पडतात. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन यांचा हा त्रास बहुधा कमी. तरी काहींना त्यांनीही पेंग येते वा हात कापतात. ॲमिट्रिप्टिलीन अर्धशिशी व नसांच्या दुखण्यावरही देतात, म्हणून नैराश्य नसलेल्या घरातही ते आढळते.

येथे खर्च आधी पडतो, जमा मागाहून होते. गुंगी पहिल्या एक-दोन आठवड्यांत आणि मात्रा वाढविल्यावर अधिक असते, पुढे बहुधा ओसरते. मनाला उभारी येण्यास मात्र दोन ते चार आठवडे वा त्याहूनही अधिक काळ लागतो. नेमक्या याच मधल्या काळात रुग्ण औषध टाकून देतो.

ताशी ४० किलोमीटर वेगाची मोटारसायकल सेकंदाला ११ मीटर जाते. ब्रेक दाबण्यास केवळ अर्धा सेकंद उशीर झाला, तरी साडेपाच मीटर अंतर हातचे गेले. देवरी-कोहमाऱ्याचा महामार्ग असो, धानाचे मळणीयंत्र असो वा राईस मिलचा फिरता पट्टा, एवढी उधारी कोणीही देत नाही. त्यात मोहाची दारू किंवा सर्दीची गुंगी आणणारी गोळी मिसळली, तर धोका कितीतरी वाढतो.

म्हणून औषधच नको, असा अर्थ कृपया काढू नये. उपचाराविना राहिलेले नैराश्यही लक्ष विचलित करते, हात मंदावते आणि प्रसंगी जीवच घेते. गोळ्या एकाएकी सोडल्यास चक्कर व अस्वस्थता येते, आजार उलटतो. गुंगी वाटल्यास डॉक्टरांना सांगावे; मात्रा, वेळ वा औषध बदलता येते.

त्या दिवसापासून आमच्या पाकिटावर एक ओळ वाढली आहे: 'गुंगी येऊ शकते, डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाहन व यंत्र चालवू नये, औषध आपल्या मनाने सोडू नये.' ज्यांना वाचता येत नाही, त्यांना खिडकीवरील कर्मचारी ती वाचून दाखवितो.

आप्तजनांस आमची एकच विनंती आहे. आरंभीचे दोन आठवडे गाडीची किल्ली आपल्यापाशी ठेवावी आणि रुग्णाचे काम वाटून घ्यावे. मनाची घालमेल असह्य झाल्यास शासनाची २०२२ पासून सुरू असलेली टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे.

ते ट्रॅक्टरचालक गृहस्थ डॉक्टरांच्या सल्ल्याने पुन्हा औषध घेऊ लागले. त्या हंगामात ट्रॅक्टर त्यांच्या भावाने चालविला. आमच्या खातेवहीत या गोष्टीची नोंद नाही. आपल्या स्मरणात ती राहावी, एवढीच प्रार्थना.