चार पंजांएवढी जमीन

(मंडळाच्या 'माझा छंद' या कार्यक्रमात केलेलं भाषण)



या कार्यक्रमात आतापर्यंत गाणं झालं, बागकाम झालं, मागच्या वेळी तर उकडीच्या मोदकांचं प्रात्यक्षिक झालं. त्यानंतर टायर आणि चाकं हा विषय घेऊन उभं राहायचं म्हणजे श्रीखंडानंतर कारल्याची भाजी वाढण्यासारखं आहे. पण आपण सगळे आज इथे गाडीनेच आलोय, तेव्हा विषय अगदीच परका नाही.

आधी ऑटोक्रॉस म्हणजे काय ते सांगतो. एखादं मोठं रिकामं पार्किंग लॉट किंवा विमानतळाची जुनी धावपट्टी घ्यायची, त्यावर नारिंगी शंकू मांडून वळणावळणाचा मार्ग आखायचा आणि घड्याळ लावून एका वेळी एकच गाडी सोडायची. फेरी साधारण मिनिटभराची. वेग सहसा हायवेवरच्या वेगापलीकडे जात नाही. हेल्मेट सक्तीचं. शंकू पाडला तर प्रत्येकी २ सेकंद दंड. आणि गंमत म्हणजे फी भरूनसुद्धा उन्हात उभं राहून इतरांनी पाडलेले शंकू आपणच उभे करायचे! "घरात एक खेळणं उचलत नाहीस," इति आमची सौ. अमेरिकेत हा खेळ मुख्यतः १९४४ साली स्थापन झालेला स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका, म्हणजे एससीसीए, 'सोलो' या नावाने चालवतो. त्यांची राष्ट्रीय स्पर्धा सप्टेंबरमध्ये नेब्रास्कातल्या लिंकनला भरते.

माझी गाडी माझदा मियाटा. सेकंडहँड, दोन सीटची, वजन सुमारे २,३०० पौंड. आधीच्या मालकाने तिला साधे ऑल-सीझन टायर बसवले होते. पहिल्याच स्पर्धेत मी गटात शेवटचा आलो. घरी येऊन कॉम्प्युटर उघडला आणि हलकी चाकं, महागडे टायर, सगळं निवडून ठेवलं. इंजिनिअर माणूस ना! प्रोग्राम हळू चालला की आपला कोड वाईट आहे हे सगळ्यात शेवटी सुचतं, आधी नवं हार्डवेअर मागायचं.

पैसे भरले नव्हते ते बरं झालं. पुढच्या वेळी क्लबातले एक सत्तरीचे गृहस्थ म्हणाले, "मी चालवून बघू का?" तीच गाडी, तेच टायर, आणि शेजारी मी, म्हणजे वजन जास्तच. वेळ माझ्यापेक्षा ३ सेकंदांनी कमी! तेव्हा पहिला धडा: आहेत त्या टायरांवर एक सीझन काढा. साधे टायर हद्द जवळ आली की हळूहळू घसरतात, किंचाळून सांगतात. चांगले टायर नवशिक्याच्या चुका झाकून टाकतात.

दुसरा धडा टायरचं महत्त्व काय याचा. साधं गणित करू. गाडी आणि मी मिळून सुमारे २,४७० पौंड. चार चाकांत वाटले तर प्रत्येकी ६१७. टायरमध्ये हवा २८ पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचाला २८ पौंड. भागाकार केला की येतात २२ चौरस इंच. आपला हाताचा पंजा पसरून ठेवला तर साधारण तेवढी जागा होते. इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग, सगळ्यांचा रस्त्याशी संबंध येतो तो या चार पंजांएवढ्या जमिनीतूनच. हिशोब स्थूल आहे, पण मुद्दा पक्का आहे. म्हणून पैसे मर्यादित असतील तर आधी टायर, मग चाकं, बाकी सगळं नंतर.

आता टायर निवडायचा कसा? एससीसीएच्या स्ट्रीट गटात टायरचं ट्रेडवेअर किमान २०० लागतं. हा आकडा टायरच्या बाजूवर छापलेला असतो. तो ठरवण्यासाठी टेक्सासमध्ये ४०० मैलांच्या ठरावीक मार्गावर टायर ७,२०० मैल पळवतात आणि प्रमाण टायरच्या तुलनेत किती झिजला ते बघतात. प्रमाण टायर म्हणजे १००. पण आकडा शेवटी कंपनी स्वतःच जाहीर करते, त्यामुळे एका कंपनीचे २०० आणि दुसरीचे २०० सारखे असतीलच असं नाही. शिवाय हा आकडा झिजेचा आहे, पकडीचा नाही.

पकडीत स्वभाव बघायचा. ब्रिजस्टोनचा आरई-७१आरएस किंवा योकोहामाचा ए०५२ चटकन तापतो आणि पहिल्या वळणापासून धरतो. आपली फेरीच मिनिटभराची, त्यामुळे हा गुण मोलाचा. पण एकाच गाडीवर दोघं चालवत असतील तर ते जास्त तापतात, मग दोन फेऱ्यांमध्ये त्यांच्यावर पाणी फवारावं लागतं. हँकूकचा आर-एस४ सावकाश तापतो, पण टिकतो जास्त. सराव भरपूर करायचा असेल त्याला तो परवडतो.

चाकांचं म्हणाल तर माझी मूळची चाकं १७ इंची, ७ इंच रुंद. स्ट्रीट गटात व्यास एक इंच कमी-जास्त चालतो, रुंदी मात्र मूळचीच हवी आणि ऑफसेटही मूळच्या अगदी जवळचा. मी १६ बाय ७ घेतली. २०५/४५ आर १७ या टायरचा व्यास ६१६ मिलिमीटर, २०५/४५ आर १६ चा ५९१. म्हणजे ४ टक्के कमी. गिअर तेवढा आखूड झाल्यासारखा होतो, वळणातून बाहेर पडताना गाडी जोरात उचलते, आणि १६ इंची टायर बहुधा स्वस्तही मिळतात. तोटा असा की दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन लवकर टोकाला पोहोचतं आणि स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवतो. चाक घेताना दिसणं सोडून वजन विचारा, आणि बोल्टांचं वर्तुळ, मधलं भोक, ऑफसेट हे तिन्ही जुळतात ना ते पाहा.

हवेचं काम फुकटातलं. टायरच्या कडेला खडूच्या रेघा ओढायच्या. फेरीनंतर खडू कुठपर्यंत पुसला गेला ते बघायचं. फार खालपर्यंत पुसला तर हवा कमी, कडेपर्यंतही आला नाही तर जास्त. तापमान १० अंश फॅरनहाइटने बदललं की हवा साधारण १ पीएसआयने बदलते. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहून ठेवा.

आता जे सांगायला मी खरं तर उभा राहिलोय ते. कोरड्या जमिनीवर हे टायर घासत आले की आणखी वेगवान होतात. त्या वर्षी ऑक्टोबर अखेरीस माझे टायर जवळजवळ गोटा झाले होते आणि मी आयुष्यातली सगळ्यात चांगली वेळ दिली. ट्रॉफी मिळाली. त्या खुशीत चाकं बदलायची राहून गेली. नोव्हेंबरमधल्या एका सकाळी बाबांना शेजारी बसवून निघालो. पारा ४० च्या खाली, रस्ता ओला. हायवेवरून उतरणाऱ्या रॅम्पवर, अगदी बेताच्या वेगात, गाडीची मागची बाजू सुटली. पूर्ण फिरून आम्ही गवतात थांबलो. मागून ट्रक येत नव्हता, एवढंच आमचं नशीब.

बाबांनी तीस वर्षं एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये काढलीत. ते काही न बोलता खाली उतरले, वाकून टायरवरून तळवा फिरवला आणि म्हणाले, "आमच्या डेपोतून ही गाडी बाहेर सोडली नसती."

ट्रॉफी अजून शेल्फवर आहे, पण बघितली की हेच वाक्य आठवतं. ज्या टायरने मला जिंकून दिलं, तोच टायर त्या सकाळी सगळ्यात वाईट होता. टायर चांगला की वाईट हे नुसतं विचारून चालत नाही, कशासाठी आणि कोणत्या हवेत हे आधी विचारावं लागतं. आता माझ्याकडे चाकांचे दोन संच आहेत. स्पर्धेचे टायर रविवारी संध्याकाळीच निघतात, कितीही दमलो असलो तरी.

तुम्ही ऑटोक्रॉसला या, जरूर या. नाही आलात तरी आज घरी जाण्यापूर्वी एक करा. खिशातलं एक सेंटचं नाणं लिंकनचं डोकं खाली करून टायरच्या खाचेत धरा. डोकं पूर्ण दिसलं तर टायर संपलाय. मग बाजूवर डॉट या अक्षरांपुढचे शेवटचे चार आकडे वाचा, त्यात टायर कोणत्या आठवड्यात आणि कोणत्या वर्षी बनला ते असतं. ज्यांची मुलं यंदा लायसन्स काढताहेत त्यांनी हे मुलांकडूनच करून घ्या. त्या चार पंजांएवढ्या जमिनीवर ती आता एकटी बाहेर पडणार आहेत.

बाहेर पार्किंगमध्ये मी थांबतोच आहे. नाणं माझ्याकडे आहे.