शब्दांशिवाय ओळखू येणारं गाणं

३० जुलै २०२५ च्या दुपारी इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात ब्रॉड स्ट्रीटवरून एक अंत्ययात्रा चालली होती. शववाहिनीसोबत पितळी वाद्यांचा बँड होता आणि तो ब्लॅक सॅबथ या रॉक बँडची गाणी वाजवत होता. गायक नव्हता, शब्द नव्हते. तरीही दुतर्फा उभ्या हजारो लोकांना चाल चटकन ओळखू येत होती. कालव्यावरच्या ज्या पुलाला शहराने ब्लॅक सॅबथचंच नाव दिलं आहे, तिथे फुलांचा आणि चिठ्ठ्यांचा खच पडला होता. ब्लॅक सॅबथचा गायक ऑझी ऑस्बॉर्न २२ जुलैला गेला, वयाच्या ७६ व्या वर्षी.

गायकाला निरोप द्यायचा आणि त्याची गाणी गायकाशिवायच वाजवायची, तरी काही कमी पडत नाही. हे कसं होतं, ते समजलं की या संगीताचं दार उघडतं.

या संगीताचा गाभा म्हणजे रिफ. तबल्याच्या एकलवादनात पेटीवर धरलेला लेहरा आपल्या कानांना सवयीचा आहे: सुरांचा छोटासा तुकडा, सारखा फिरून येणारा. रिफही तसाच फिरतो, पण तो मागे राहून साथ करत नाही. पुढे येऊन उभा राहतो. घरात पेटी असेल तर पांढरी पाच दाबा, मग तीच पट्टी वरच्या सप्तकात, आणि तिथून उतरून मधल्या काळी एकवर थांबा. हे संथपणे करायचं. १३ फेब्रुवारी १९७० ला आलेल्या ब्लॅक सॅबथच्या पहिल्या तबकडीचं पहिलं गाणं, ज्याचं नाव बँडच्याच नावावर आहे, ते या तीन सुरांवर उभं आहे. आधी पाऊस, गडगडाट, दूरवर चर्चची घंटा, आणि मग ते तीन सूर कोसळतात.

पांढरी पाचला षड्ज मानलं तर काळी एक म्हणजे तीव्र मध्यम. यमनमध्ये आपण ज्या स्वरावर जीव टाकतो, तोच! यमनमधला तीव्र मध्यम गंधार आणि निषादाच्या संगतीत असतो, पंचमाकडे झुकलेला असतो, म्हणून तो गोड लागतो. इथे त्याला सोबत कुणाचीच नाही. तो पंचमावर विसावत नाही, जागच्या जागी थरथरत राहतो. युरोपातल्या जुन्या संगीतकारांनी या अंतराला संगीतातला सैतान म्हटलं. चर्चने त्यावर बंदी घातली होती ही गोष्ट रंगवून सांगितली जाते, पण तिला आधार नाही. तो सूर नेमका पकडणं गायकांना जड जायचं, हे मात्र खरं.

हा रिफ बँडचा गिटारवादक टोनी आयोमी याचा. तो डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा हात उजवा. सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात, कामाच्या शेवटच्या दिवशी, यंत्राखाली त्याच हाताच्या मधल्या बोटाचं आणि अनामिकेचं टोक गेलं. गिटार सुटलीच असं त्याला वाटलं. तेव्हा कारखान्यातल्या एका वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्टची तबकडी ऐकवली आणि मग सांगितलं की आगीत भाजल्यापासून या माणसाची दोन बोटं जवळपास निकामी आहेत. आयोमीने भांडी घासायच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, वर चामडं चिकटवलं. त्या बोटांना ताठ तारा झेपेनात, म्हणून त्याने बँजोच्या पातळ तारा लावल्या. १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’ या तबकडीत बऱ्याच गाण्यांसाठी तारा तीन अर्धस्वर खाली उतरवल्या. तार सैल झाली, बोटाला सोपी झाली आणि नाद आणखी खोल गेला. ज्या जडपणावरून या संगीताला हेवी मेटल म्हणतात, त्याच्या मुळाशी दोन जखमी बोटं आहेत.

आता ऑझीचा आवाज. ब्लॅक सॅबथचं ‘आयर्न मॅन’ लावा आणि शब्द सोडून द्या. गिटार ज्या सुरांवरून चालते, त्याच सुरांवरून गळा चालतो; पेटीवाला गायकाच्या मागे सावलीसारखा जावा तसा, फक्त इथे गायक गिटारची सावली झाला आहे. आवाज उंच, सरळ आणि थोडा विव्हळ आहे. ताना नाहीत, नखरे नाहीत. त्यामुळेच ब्रॉड स्ट्रीटवर गळ्याची जागा पितळी वाद्यं घेऊ शकली.

रॉकच्या चाहत्यांना गेल्या काही वर्षांत असे निरोप वरचेवर द्यावे लागले आहेत. रोलिंग स्टोन्सचा ड्रमर चार्ली वॉट्स ऑगस्ट २०२१ मध्ये गेला. त्याची चित्रफीत पाहताना उजव्या हाताकडे पाहावं: डावा हात स्नेअर ड्रमवर पडतो त्या क्षणी उजवा हात झांजांवरून उचललेला असतो. त्या इवल्याशा फटीत ठोक्याला श्वास मिळतो. गिटारवादक जेफ बेक जानेवारी २०२३ मध्ये गेला. १९७५ च्या ‘कॉज वीव्ह एन्डेड अ‍ॅज लव्हर्स’मध्ये सुरुवातीचे सूर तारेवरच्या आघाताशिवाय हळूच उमलतात, कारण तो तार छेडून मग आवाजाचं बटण वाढवतो. मींड जाणणाऱ्या कानाला हे वादन परकं वाटणार नाही.

पण ऑझीचं अजून एक ध्वनिमुद्रण ऐकायचं राहिलं आहे. जाण्याआधी सतरा दिवस, ५ जुलैला, ऑझी बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर गायला. तो लहानाचा मोठा झाला ते घर त्या मैदानापासून चालत जाण्याच्या अंतरावर. पार्किन्सनमुळे उभं राहता येत नव्हतं, म्हणून काळ्या सिंहासनावर बसून गायला. शेवटी ब्लॅक सॅबथचे मूळचे चौघे एकत्र आले, वीस वर्षांनी पहिल्यांदा. त्या चार गाण्यांत आवाज थकतो तिथे आयोमीची गिटार तेच सूर धरून असते. त्याआधी मात्र ऑझीने ‘मामा, आय एम कमिंग होम’ घेतलं होतं. त्या गाण्यात गळ्याला रिफचा आधार नाही. आवाज कापतो, मध्येच तुटतो, आणि मैदानातले चाळीस हजार लोक ती चाल उचलून धरतात.