फिटलं का, मास्तर?

(सहाय्यक मित्रांच्या वार्षिक मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



चिटणीसांनी मला दिलेला विषय 'नीतिमान ठरणे आणि पवित्र जीवन' असा आहे. मी पाळक नाही. आयुष्यातील बावीस वर्षे सातपुड्याच्या पायथ्याशी आदिवासी मुलांच्या एका वसतिगृहाचा अधीक्षक होतो. तांदूळ मोजणे, दिव्याचे रॉकेल पुरवणे, मुलांची भांडणे सोडवणे यात दिवस गेले. त्यामुळे मी बोलणार ते कोठीघरातूनच. धर्मशास्त्राच्या अभ्यासकांनी सांभाळून घ्यावे.

प्रथम शब्दाकडे पाहू. आपल्या मराठी पवित्र शास्त्रात 'नीतिमान ठरवणे' असे म्हटले आहे, 'नीतिमान बनवणे' असे नाही. 'ठरवणे' हा कचेरीतला शब्द आहे. न्यायाधीश आरोपीला निर्दोष ठरवतो तेव्हा तो निकाल देतो, त्या माणसाचा स्वभाव त्या क्षणी बदलत नाही. पौलाने वापरलेला मूळ ग्रीक शब्दही न्यायालयातलाच आहे. आणि रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात तो आणखी एक शब्द पुन्हा पुन्हा वापरतो : 'गणणे'. हा हिशोबाच्या वहीतला शब्द. तिथे पौल म्हणतो की काम करणाऱ्याला मिळते ती मजुरी, ते त्याचे येणेच असते, त्याला कोणी कृपा म्हणत नाही; पण देव तर अधार्मिकालाच नीतिमान ठरवतो, आणि त्याचा विश्वासच त्याच्या नावे जमा धरतो. हे तो का करू शकतो? कारण आपले देणे ख्रिस्ताने वधस्तंभावर स्वतःच्या अंगावर घेतले.

हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. रविवारच्या शाळेत तोंडपाठ करून बक्षीसही मिळवले होते. समजले मात्र वयाच्या चाळिशीत, आणि तेही एका आजीमुळे, जिला वाचता येत नव्हते.

ते सांगण्याआधी शहरातून आलेल्या मंडळींना 'उचल' काय असते ते सांगायला हवे. पावसाळा सरत आला की मुकादम पाड्यावर येतो. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी लागते, तिला 'कोयता' म्हणतात. त्या कोयत्यावर मुकादम आगाऊ रक्कम देतो. ती उचल. तिच्यातून घरचे दाणे, औषधपाणी, एखादे लग्न निघते. दिवाळीनंतर ट्रक येतो आणि माणसे गुजरातेत ऊस तोडायला जातात. मुले आजीकडे, नाहीतर वसतिगृहात. किती टन तोडला ते मुकादमाच्या वहीत. हंगाम संपला की हिशोब होतो, आणि अनेकांची उचल फिटलेली नसते. उरलेली पुढच्या सालावर जाते. 'फिटलं का?' हा आमच्याकडे साधा प्रश्न नाही. घरातली माणसे वर्षानुवर्षे तो विचारत आलेली आहेत.

तर माझ्या वसतिगृहात सातवीतला एक मुलगा होता. श्रावणात, म्हणजे जुने दाणे संपलेले आणि नवे यायचे, अशा दिवसांत, कोठीतले तांदूळ कमी होत आहेत असे माझ्या लक्षात आले. पाळत ठेवली. एका शनिवारी हा मुलगा दप्तरात तांदूळ भरून घरी निघालेला सापडला. विचारल्यावर कबूल झाला. पूर्वीही दोनदा नेले होते, आजीसाठी. आजीला त्याने सांगितले होते की मास्तरांनी दिले.

मी त्याला काढून टाकले नाही. याचा मला त्या वेळी मोठा अभिमान वाटला. मी म्हणालो, "तुला क्षमा केली आहे. पण ती टिकवणं तुझ्या हातात आहे." मग मी नियम घातले. रोज सर्वांच्या शेवटी जेवायचे, भांडी घासायची, आणि दर शनिवारी माझ्यापुढे उभे राहून आठवड्याचे वर्तन सांगायचे. मी ते नोंदवहीत लिहायचो. वर्षअखेर पाहू, असे सांगितले होते. मुलगा अगदी सरळ वागू लागला. पाहुणे आले की मी त्याच्याकडे बोट दाखवून सांगायचो की शिस्तीने मूल कसे सुधारते पाहा. तो माझ्या डोळ्याला डोळा मात्र देत नसे, आणि मी त्याला पश्चात्ताप समजत होतो.

दिवाळीनंतर त्याची आजी आली. मुलगा-सून ऊसतोडीला गेलेले. डोक्यावर नागलीचे गाठोडे घेऊन ती चालत आली होती. नातवाने चोरलेले तांदूळ आपण खाल्ले हे तिला कुणाकडून तरी कळले होते. गाठोडे ओट्यावर ठेवून म्हणाली, "मी खाल्लं ते घे." आता मला सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मी ती नागली मोजून घेतली. पायलीने मोजली, वहीत जमा केली.

तिने विचारले, "आता पोराचं फिटलं का, मास्तर?"

मी म्हणालो, "बघू. वर्षअखेर बघू. त्याच्या वागण्यावर आहे."

आमच्याकडे म्हातारी माणसे मास्तरलाही 'तू'च म्हणतात, आणि मला ते आवडते. ती माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "मुकादम पण माझ्या पोराला असंच सांगतो. तू पण तसाच."

ती गेली. येत्या रविवारच्या उपासनेत मला संदेश द्यायचा होता आणि तो नेमका रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायावर होता. टाचणे आधीच काढून ठेवली होती, चांगली होती. त्या रात्री ती वाचवेनात.

मी त्या मुलाशी जो व्यवहार केला होता, तसाच व्यवहार देव माझ्याशी करतो असे मी मनातून धरून चाललो होतो. तोंडाने कृपा म्हणत होतो, पण माझ्या लेखी वधस्तंभ ही देवाने दिलेली उचल होती आणि मी ती सेवेने फेडत होतो. म्हणून सुट्टी घेत नव्हतो. म्हणून थकलो की चिडत होतो. आणि म्हणूनच दुसऱ्या कुणाची उचल फुकट माफ झालेली मला बघवत नव्हती.

अशा गोंधळात मोठी माणसेही सापडलेली आहेत. आपल्या पंडिता रमाबाईंचेच पाहा. त्यांचा बाप्तिस्मा इंग्लंडात, वाँटेज येथे १८८३ मध्ये झाला. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदासदन सुरू केले, पुढे ते पुण्याला नेले. कामाला कशात कमी नव्हते, विद्वत्तेला तर नव्हतेच. तरी १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या साक्षीत त्या मोकळेपणाने सांगतात की इतकी वर्षे मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. हॅस्लम नावाच्या एका इंग्रज पाळकाचे आत्मचरित्र वाचताना त्यांना ही उणीव जाणवली, आणि १८९१ च्या सुमारास, बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, आपण आहोत तशा त्यांनी स्वतःला प्रभूच्या स्वाधीन केले. आता कुणी म्हणेल की काम न करता तारण मिळते असे कळल्यावर माणूस हातपाय हलवायचे सोडेल. रमाबाईंनी काय केले? १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या. केडगावचे मुक्तिसदन त्यातून उभे राहिले. लहानपणी त्यांनी स्वतः दुष्काळात आईवडील गमावले होते. त्यानंतर मूळ हिब्रू-ग्रीकवरून संपूर्ण पवित्र शास्त्र मराठीत आणण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले, ते १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत सोडले नाही. उचल फेडणारा माणूस असे काम करत नाही. तो वहीत जेवढे मांडले जाईल तेवढेच करतो.

याकोबाने मात्र कर्मांशिवाय विश्वास मेलेला आहे असे लिहिले आहे, त्याचे काय? दोघेही अब्राहामाचाच दाखला देतात, म्हणून जरा उत्पत्ति उघडून पाहा. १५ व्या अध्यायात अब्राहामाचा विश्वास नीतिमत्त्व म्हणून गणला गेला, तेव्हा त्याच्या घरात पाळणाही हललेला नव्हता. २२ व्या अध्यायात तोच कबूल केलेला मुलगा लाकडे पाठीवर घेऊन डोंगर चढतो आहे. पौल १५ व्या अध्यायात उभा राहून बोलतो, याकोब २२ व्यात. मधल्या काळात अब्राहाम चुकलाही, घाबरलाही. देवाने आपला निकाल फिरवला नाही. क्रम एवढाच आहे, पण तो उलटा केला की सगळे बिघडते. (आपल्या मेळाव्यात रोमन कॅथलिक बंधुभगिनीही आहेत. या मुद्द्यावरून पाचशे वर्षांपूर्वी मंडळी दुभंगली, हे खरे. पण ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग येथे लूथरन आणि कॅथलिक प्रतिनिधींनी नीतिमान ठरण्याविषयीच्या संयुक्त निवेदनावर सह्या केल्या, आणि २००६ मध्ये मेथडिस्टांनीही त्याला मान्यता दिली. सगळे मतभेद मिटले असे नाही, पण आपण ख्रिस्ताच्या कृपेनेच स्वीकारले जातो एवढे एकत्र म्हणता आले.)

मी त्या मुलाला बोलावले. नोंदवही संस्थेची, पान फाडता येत नव्हते. त्याच्या नावाखाली 'मिटले' असे लिहिले, सही केली, तारीख घातली आणि त्याला मोठ्याने वाचायला लावले. त्याने वाचले. "आता शनिवारी यायचं नाही?" म्हणाला. मी नाही म्हटल्यावर पळत विटीदांडू खेळायला गेला. रडला नाही, पाया पडला नाही. खरे सांगायचे तर मी थोडा खट्टू झालो.

पुढे दीडेक महिना विशेष काही घडले नाही. भांडी घासण्याची पाळी आली की तो इतर मुलांसारखीच कुरकुर करू लागला. सहकारी म्हणाले, बघा, सूट दिली की असे होते. मग नाताळच्या आधी एका संध्याकाळी तो आपणहून आला आणि माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला, "तेल पण मीच नेलं होतं."

ते तेल मी विसरलोही नव्हतो. त्या चोरीबद्दल मी दुसऱ्याच मुलाला शिक्षा केली होती. तो नाही नाही म्हणत असताना चार मुलांसमोर त्याला चोर म्हटले होते.

शनिवारच्या त्या सगळ्या हजेऱ्यांत हे कधी बाहेर आले नव्हते, आणि कसे येणार? ज्याचा निकाल अजून लागायचा आहे तो माणूस आपल्याविरुद्धचा पुरावा स्वतः कशाला आणून देईल? निकाल लागून गेला आहे, आपल्याला आता कोणी हाकलणार नाही, हे कळल्यावरच त्याला खरे बोलता आले. जक्कयाचेही तसेच झाले. लूकच्या १९ व्या अध्यायात पाहा, प्रभूने त्याच्या घरी उतरायचे आधी ठरवले, लोक कुरकुरलेसुद्धा, आणि मग जक्कय उभा राहून अर्धे धन गरिबांना आणि लुबाडलेले चौपट परत द्यायचे बोलला. कुणी त्याच्याकडून लिहून घेतले नव्हते.

त्या रात्री आम्ही दोघे त्या दुसऱ्या मुलाकडे गेलो. आधी त्याने सांगितले, मग मी. पन्नास मुले जेवायला बसली होती, त्यांच्यासमोर अधीक्षकाने एका मुलाची माफी मागायची होती. मला ते फार जड गेले. पवित्र जीवन म्हटले की आपल्याला उपास, प्रार्थना, दारू न पिणे हे आठवते, आणि ते योग्यच आहे. माझ्या वाट्याला मात्र ते त्या संध्याकाळी असे आले. 'मिटले' ही सही मी त्याच्यासाठी केली होती, पण तिच्या आधारानेच मी स्वतः उभा राहू शकलो. माझेही मिटलेले आहे हे खरे असेल, तर अधीक्षकाची अब्रू सांभाळत बसायचे कारण उरत नाही.

दुसऱ्या मुलाने मला लगेच क्षमा केली नाही. तो पुढे बरेच दिवस माझ्याशी बोलला नाही. तो त्याचा हक्क होता.

कृपा वाढावी म्हणून पाप करत राहावे काय, हा प्रश्न रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल स्वतःच विचारतो आणि स्वतःच धुडकावतो. माझ्या मते, आपला उपदेश ऐकून कुणालाच हा प्रश्न पडत नसेल, तर आपण कृपेऐवजी उचल वाटत आहोत. पौलाचे उत्तर असे की तुम्ही ख्रिस्ताबरोबर मेला आहात, मालक बदलला आहे. जुन्या मुकादमाकडे परत कशाला जाता?

नागली परत न्यायला मी पाड्यावर गेलो होतो. आजीने घेतली नाही. म्हणाली, "फिटवायला आणली होती तेव्हा तू मोजलीस. आता पोरांना भाकरी करून घाल." आम्ही तसेच केले.

आता आजच्या कामाचे. यंदा मदतीसाठी आलेल्या अर्जांच्या नमुन्यात 'कुटुंबाचे वर्तन व उपासनेस हजेरी' असा एक नवा रकाना आहे. बाप दारू पितो त्या घरच्या मुलाला शेवटी घ्यावे, अशी सूचनाही आली आहे. सूचना करणाऱ्यांचा हेतू वाईट नाही. मीही शनिवारची नोंदवही चांगल्या हेतूनेच ठेवली होती. पण तांदूळ आणि वह्या देताना आपण कुणाकडून उपासनेची हजेरी वसूल करू लागलो, तर पाड्यावरच्या माणसाला आपल्यात आणि मुकादमात फरक दिसणार नाही, आणि ज्या प्रभूचे नाव आपण घेतो त्याच्याविषयी तो चुकीचेच शिकेल. तो रकाना काढावा असे मी लेखी दिले आहे. दुपारच्या बैठकीत त्यावर बोलणे होईल, तेव्हा कृपया जेवून लगेच निघू नका.