अल्गोल : ग्रहण लागणारा तारा

(विज्ञान शिक्षकांपुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

सूर्य-चंद्राची ग्रहणे आपल्या परिचयाची आहेत. परंतु ग्रहण ताऱ्यांनाही लागते, ही गोष्ट तितकीशी परिचित नाही. ययाती तारकासमूहातील अल्गोल हे त्याचे ठळक उदाहरण होय. एरवी त्याची प्रत २.१ असते. ठरावीक काळाने तो सुमारे पाच तासांत ३.४ प्रतीपर्यंत मंदावतो, म्हणजे त्याचे तेज एक तृतीयांशाहूनही कमी उरते. आणि तितक्याच अवधीत तो पूर्ववत होतो.

१७८२ च्या नोव्हेंबरात इंग्लंडमधील यॉर्क येथे जॉन गुडरिक या अठरा वर्षांच्या, बालपणापासून बहिऱ्या असलेल्या तरुणाने नुसत्या डोळ्यांनी हे निरीक्षण सुरू केले. एखादा काळोखा गोल त्या ताऱ्याभोवती फिरत त्याला झाकत असावा, किंवा ताऱ्यावर डाग असावेत, असे अनुमान त्याने १७८३ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडले व त्यास कॉप्ली पदक मिळाले. १७८६ मध्ये एकविसाव्या वर्षी तो निवर्तला. १८८९ मध्ये हेर्मान फोगेल यांनी वर्णपटाच्या साहाय्याने त्याचे पहिले अनुमान खरे ठरविले.

अशा ताऱ्यांचे महत्त्व केवळ कुतूहलापुरते नाही. तारा तराजूत घालता येत नाही. ग्रहणकारी युग्मतारे ती उणीव भरून काढतात. ग्रहणाच्या कालावधीवरून ताऱ्यांच्या आकारांचे प्रमाण कळते, वर्णरेषांच्या सरकण्यावरून त्यांचे वेग कळतात, आणि दोहोंच्या मेळातून वस्तुमान निघते. यासाठी प्रथम काही मूल्ये गृहीत धरून प्रकाशवक्र गणिताने काढतात, तो निरीक्षणाशी ताडून पाहतात व मेळ बसेपर्यंत मूल्ये सुधारतात. अल्गोलच्या तेजस्वी घटकाचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे ३.२ पट, तर त्याला झाकणाऱ्या मंद घटकाचे सुमारे ०.७ पट आहे. तरीही हलका ताराच वार्धक्याकडे अधिक झुकलेला आहे. वास्तविक जड तारा आधी वृद्ध व्हावयास हवा. याचा उलगडा असा की, एके काळी तोच जड होता. फुगत गेल्यावर त्याचे द्रव्य जोडीदाराकडे वाहून गेले.

हे ग्रहण दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी लागते. म्हणजेच आज मध्यरात्री तारा सर्वांत मंद दिसला, तर तिसऱ्या रात्री तो पावणेनऊच्या सुमारास तसा दिसेल. डिसेंबरच्या स्वच्छ रात्री, शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करीत, खेड्यातील विद्यार्थीही हे भाकीत स्वतः पडताळू शकतील. त्यासाठी दुर्बिणीची आवश्यकता नाही. नियमित नोंदवही, घड्याळ आणि चिकाटी एवढे साहित्य पुरेसे आहे.