आतलं ऋण : फिलिपिनो सहकाऱ्यांबरोबरची वर्षं

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा संपादित मजकूर)



मंडळाने मला "बोटीवरचे अनुभव सांगा" असं सांगितलं होतं. वादळांच्या गोष्टी मी नातवंडांसाठी राखून ठेवल्या आहेत. आज बोलायचं आहे ते माणसांबद्दल. मर्चंट नेव्हीच्या इंजिनरूममध्ये मी सव्वीस वर्षं काढली. त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं माझे सहकारी फिलिपिनो होते. आपल्यापैकी कितीतरी जणांची मुलं आखातात, अमेरिकेत, कॅनडात आहेत. तिकडे जाऊन आलेली मंडळी हमखास सांगतात, "तिथल्या फिलिपिनो नर्सेस काय हसतमुख हो! सेवाभाव त्यांच्या रक्तातच आहे." कौतुक म्हणून म्हणतात, पण मला हे वाक्य टोचतं. सेवाभाव कोणाच्या रक्तात नसतो. त्या हसण्यामागे एक जुना हिशेब आहे. तोच आज तुमच्यापुढे मांडतो.

सुरुवात गणपतीच्या तिथीपासून करू. १९८९ साली मनिलाजवळच्या लागुना प्रांतात नदीतली वाळू काढताना एक ताम्रपट सापडला. त्या देशातला आजवर मिळालेला हा सर्वांत जुना लेखी दस्तऐवज. लिपी जावाकडची, भाषा जुनी मलय, आणि तारीख कोणती? शके ८२२, वैशाख, कृष्णपक्ष, चतुर्थी, सोमवार. म्हणजे इसवी सन ९००. आपलं पंचांग आजही ज्या शकात चालतं तोच शक, आणि तिथी संकष्टीची! लगेच छाती फुगवून "आपलेच लोक तिथे राज्य करत होते" असं कृपया म्हणू नका. हे शब्द जावा-मलयामार्गे व्यापाराबरोबर गेले. पण गेले आणि तिथे रुजले. आजही तागालोग भाषेत शिक्षकाला "गुरो" म्हणतात, चेहऱ्याला "मुखा" आणि आशेला "पाग-आसा". "दुखा" म्हणजे गरीब. आपल्याकडचं दुःख तिथे पोचेपर्यंत गरिबी झालं.

आता त्या ताम्रपटात काय आहे? राजाची स्तुती नाही, लढाईचं वर्णन नाही. ती कर्जफेडीची पावती आहे. नामवरान नावाच्या माणसावर किलोभराच्या आसपास सोन्याचं ऋण होतं. ते माफ झालं, तो आणि त्याची मुलंबाळं त्यातून मोकळी झाली, असं त्याच्या मुलांना लिहून दिलं आहे. पुढे म्हटलं आहे की उद्या कोणी येऊन म्हणालं, हे ऋण फिटलेलं नाही, तर... आणि मजकूर तिथेच तुटतो. पुढचा भाग मिळालेला नाही. फिलिपिनो सहकाऱ्यांबरोबर राहताना मला वाटायचं की तो तुटलेला मजकूर ही माणसं अजून जगत आहेत.

त्यांच्या भाषेत एक शब्दप्रयोग आहे, "उतांग ना लोओब". उतांग म्हणजे कर्ज, लोओब म्हणजे आतलं. आतलं ऋण. ज्यांनी आपल्याला वाढवलं, शिकवलं, अडचणीत हात दिला, त्यांचं हे देणं. ते पैशाने फिटत नाही आणि फिटलं असं म्हणायचंही नसतं. आपल्याकडे ऋणानुबंध म्हणतात, त्याच्या जवळ जाणारी ही कल्पना आहे. फरक इतकाच की आपण तो शब्द लग्नपत्रिकेत आणि श्रद्धांजलीत वापरतो, ते त्याच्यावर महिन्याचा पगार खर्च करतात.

बाहेरचं कर्जही असतंच, आणि त्यात आपलंही नाव गुंतलेलं आहे. फिलिपिन्समध्ये कुठल्याही भारतीय माणसाला "बुंबाय" म्हणतात. हो, मुंबईवरूनच. मोटारसायकलवरून गल्लोगल्ली फिरून पाच पेसो देऊन सहा वसूल करणारे सावकार तिथे बरेचसे पंजाबी. त्या धंद्याचं नावच "फाइव्ह-सिक्स". तिथल्या आया पोरांना भीती घालतात, "गप्प बैस, नाहीतर बुंबाय घेऊन जाईल." मी बडोद्याचा, पण नव्या जहाजावर चढलो की पहिले चार दिवस मीही बुंबाय. पाचव्या दिवशी कोणीतरी "चीफ, जेवलात का?" विचारायचं आणि मग मी माणसांत जमा व्हायचो. कारण "कुमाइन का ना", जेवलास का, हीच त्यांची रामराम करण्याची रीत आहे.

त्यांचा इतिहास थोडक्यात सांगतो. १५२१ साली मॅगेलन तिथे पोचला आणि माक्तान बेटावर लापुलापूच्या माणसांशी लढताना मारला गेला. १५६५ पासून स्पेनने पाय रोवले ते १८९८ पर्यंत. देशाला नाव मिळालं स्पेनच्या फिलिप राजाचं. १८४९ साली गव्हर्नरने फर्मान काढलं, आडनावांची एक भलीमोठी यादी छापली आणि गावोगावी वाटली. काही गावांत सगळ्यांच्या वाट्याला एकाच अक्षराची आडनावं आली. आपल्या आडनावावरून गाव कळतं, त्यांच्या आडनावावरून सरकारी यादीचं पान कळतं. दिवससुद्धा त्यांचे नव्हते. स्पेनची वाट अमेरिकेवरून येणारी, म्हणून तारीखही तिकडची चालायची. ती आशियाशी जुळवून घेण्यासाठी १८४४ साली ३१ डिसेंबर हा दिवस कॅलेंडरातून गाळून टाकला.

घराबाहेर राबण्याची सवयही तेव्हापासूनची. १५६५ ते १८१५, अडीचशे वर्षं, मनिला आणि मेक्सिकोतलं आकापुल्को यांच्यामध्ये गलबतं ये-जा करत. त्यांवर फिलिपिनो खलाशी असत. हाल असह्य झाले की पलीकडे उतरून पळून जात. मेक्सिकोच्या किनाऱ्यावर नारळाच्या झाडाची माडी काढायला त्यांनीच शिकवलं. तिथे तिला आजही त्यांच्याच शब्दाने "तुबा" म्हणतात.

१८९८ साली त्यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं आणि त्याच वर्षी स्पेनने दोन कोटी डॉलर घेऊन देश अमेरिकेच्या हवाली केला. अमेरिकेने शाळा काढल्या, इंग्रजी शिकवलं, नर्सिंगचं शिक्षण आपल्या धर्तीवर सुरू केलं. १९०६ साली पंधरा माणसांची पहिली तुकडी हवाईच्या उसाच्या मळ्यांत कामाला गेली. १९४६ ला स्वातंत्र्य मिळालं, त्याच्या आदल्या वर्षी मनिला शहर युद्धात बेचिराख झालं होतं. पुढे १९७४ मध्ये, मार्कोस यांच्या लष्करी कायद्याच्या काळात, कामगार परदेशी पाठवणं हे सरकारी धोरणच झालं. तेल महागलं होतं, देशात बेकारी होती, आखाताला माणसं हवी होती. तात्पुरती म्हणून काढलेली ती वाट आज पन्नास वर्षं वाहते आहे.

म्हणून म्हणतो, रक्तात काही नव्हतं. इंग्रजी शाळेने दिलं, नर्सिंग अमेरिकेने दिलं, परवाना सरकारने दिला, आणि जायला भाग पाडलं ते आतल्या ऋणाने.

मनिलात लुनेता नावाचं मोठं मैदान आहे. तिथे ३० डिसेंबर १८९६ ला होसे रिझाल यांना स्पॅनिश सरकारने गोळ्या घातल्या. ते डोळ्यांचे डॉक्टर होते. आईची दृष्टी जात होती म्हणून तो विषय निवडला, युरोपात शिकले, परत येऊन आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन स्वतः केलं. दोन कादंबऱ्या लिहिल्या आणि पस्तिसाव्या वर्षी गेले. त्याच लुनेताच्या कडेला, रस्त्यावर, कागदांच्या फायली घेऊन शेकडो खलाशी नोकरीच्या शोधात उभे असतात. नोकरी मिळाली की करारात अट असते : मूळ पगाराचा किमान ८० टक्के भाग घरी गेलाच पाहिजे. उरलेल्या पाचव्या हिश्श्यात तो माणूस नऊ महिने समुद्रावर काढतो.

माझ्याबरोबर इलोइलो प्रांतातला एक मोटरमन होता. आधी बहिणीचं नर्सिंग, मग भावाची फी, मग गावाकडे पक्कं घर. एकदा वॉचवर असताना मला म्हणाला, "चीफ, माझ्या घरात दिव्याची बटणं कुठे आहेत ते मला अजून पाठ नाही. रात्री उठलो की भिंत चाचपडतो, आणि पोरं हसतात." हे सांगताना तोही हसत होता. तेच ते हसणं, ज्याला आपण स्वभाव म्हणतो. मी विचारलं, "हे देणं फिटणार कधी?" तो म्हणाला, "आता बहीण भाच्याचं बघते, मी पुतण्याचं बघतो." म्हणजे फिटत नाही, पुढच्याच्या हातात जातं.

त्यांच्या सरकारने या लोकांना "नवे वीर" म्हणायला सुरुवात केली. वीर म्हटलं की पगाराचं आणि सुरक्षिततेचं बोलणं मागे पडतं, हे आपल्यालाही नवीन नाही. १९९५ साली फ्लोर काँतेम्प्लासिऑन या घरकाम करणाऱ्या बाईला सिंगापुरात दुहेरी खुनाच्या गुन्ह्यात फाशी झाली. ती निर्दोष आहे असं मानणारा सारा देश खवळून उठला. त्याच वर्षी परदेशी कामगारांच्या रक्षणाचा कायदा झाला. त्यात स्पष्ट लिहिलं आहे की परदेशी रोजगार हे आर्थिक वाढीचं साधन म्हणून सरकार पुरस्कारत नाही. आज वर्षाला तीस अब्ज डॉलरहून जास्त रक्कम हेच लोक घरी पाठवतात.

आता थोडं समजुतींबद्दल. हे लोक बहुतेक कॅथलिक, घरोघरी बाळयेशूची मूर्ती. पण वारुळाजवळून जाताना म्हणतात, "ताबी-ताबी पो", जरा बाजूला होता का महाराज. आत एक म्हातारा राहतो, त्याला धक्का लागायला नको. कोकणातल्या नि गोव्यातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, त्याच्याकडे राखणदार आहेच. परक्याने बाळाचं कौतुक केलं तर "उसोग" लागते, म्हणजे आपली दृष्ट. मयताला जाऊन आलं की थेट घरी यायचं नाही, वाटेत कुठेतरी थांबायचं, म्हणजे मागे लागलेलं तिथेच राहतं. एका वर्षात दोन भावंडांची लग्नं नाहीत.

पण मला सगळ्यात मोलाची वाटते ती ताटाची समजूत. सगळे जेवत असताना कोणाला मध्येच उठून प्रवासाला जावं लागलं, तर बाकीच्यांनी आपापली ताटं जागच्या जागी गोल फिरवायची. म्हणजे जाणारा सुखरूप पोचतो. आमच्या मेसमध्ये कोणाचा करार संपला आणि त्याला न्यायला बंदरातून लाँच आली की बोसनपासून आचाऱ्यापर्यंत सगळे ताटं फिरवायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला गंमत वाटली. पुढे मीही फिरवू लागलो. ज्या देशात जवळजवळ प्रत्येक जेवणावरून कोणीतरी उठून जाणारं असतं, तिथे मागे राहिलेल्यांच्या हातात दुसरं असतं तरी काय? अंधश्रद्धा म्हणा हवं तर. मला ती काळजी वाटते.

मित्रहो, आपले गणपती येतात त्याच सुमारास, सप्टेंबर लागला की, फिलिपिनो घरांत नाताळची गाणी सुरू होतात. चार महिने आधीच! ही हौस खरी, पण परदेशी गेलेल्याला सुट्टी कधी मिळेल याचा नेम नसतो, तेव्हा सण जितका लांब तितकी तो सापडण्याची शक्यता जास्त. आपण पिढ्यान्पिढ्या बडोद्यात राहिलो. सण धरून ठेवला की माणसं सापडतात, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

जाता जाता एकच मागणं. तुमच्यापैकी कोणी मुलाकडे परदेशी जाल, तिथल्या इस्पितळात एखादी फिलिपिनो बाई तुमची उशी नीट करेल. "किती गोड स्वभाव" एवढ्यावर थांबू नका. तिचं गाव विचारा. घरी कोण आहे, मुलं कोणाजवळ आहेत ते विचारा. ती जेवली का, ते विचारा. आणि तिच्या रजेचा, पगाराचा प्रश्न निघाला तर तिच्या बाजूने बोला. आपल्या आईवडिलांची सेवा तिने केली असेल तर ते ऋण पगारात फिटलं असं समजू नका. ऋणानुबंध हा शब्द आपल्याच भाषेतला आहे.

 गणपती बाप्पा मोरया!