गोळी पडली कोठे?

नोकरीच्या निमित्ताने गेली काही वर्षे माझा मुक्काम म्हैसूरला आहे. शहराच्या पश्चिमेस बोगादी नावाचा भाग आहे, तेथे आमचे बिऱ्हाड. सकाळी फिरावयास निघालो की मानसगंगोत्री, म्हणजे म्हैसूर विद्यापीठाचा वृक्षराजीने भरलेला परिसर लागतो, आणि पुढे कुक्करहळ्ळीचे तळे. विद्येच्या इतक्या शेजारी राहूनही पदार्थविज्ञानाचा एक जुना धडा मला नव्याने शिकावा लागला तो घरातील टेबलावर. आणि शिकविणारी होती अकरावीत जाणारी माझी मुलगी.

तिला शाळेसाठी एक प्रयोग करावयाचा होता. एक नळी, तिच्यात एक स्प्रिंग आणि एक पोलादी गोळी. स्प्रिंग चार सेंटीमीटर दाबावयाची आणि सोडून द्यावयाची. नळी निरनिराळ्या कोनांत ठेवली असता गोळी किती दूर जाते, ते मोजावयाचे. मी गणितात एम. ए. झालेलो. तेव्हा प्रयोगास आरंभ होण्यापूर्वीच मी निकाल सांगून मोकळा झालो. म्हटले, "पंचेचाळीस अंशांवर गोळी सर्वांत दूर जाईल, आणि तीस व साठ अंशांवर पल्ला अगदी सारखा येईल." तिने ते वहीत लिहून घेतले. 'बाबांचे भाकीत' असे वर शीर्षकही दिले.

भाकितामागचा विचार साधा आहे. स्प्रिंग जितकी दाबावी तितका तिचा प्रतिकार वाढतो, हा नियम रॉबर्ट हूकने १६७८ साली प्रसिद्ध केला. त्यातून असे निघते की स्प्रिंग दुप्पट दाबली तर तिच्यात ऊर्जा साठते ती चौपट. ही ऊर्जा गोळीला देऊन झाली की स्प्रिंगचे काम संपले. नळीचे तोंड सोडल्यावर गोळीला कोणी ढकलीत नाही, कोणी वळवीत नाही. आमच्या बोगादीहून श्रीरंगपट्टण फार लांब नाही. १७९२ साली त्या किल्ल्याला वेढा पडला तेव्हा इंग्रज व निजाम यांच्या जोडीला हरिपंत फडके यांची मराठी फौजही होती. म्हैसूरकरांचे लोखंडी नळीचे बाण प्रसिद्धच होते. तो बाण पेटलेली दारू संपेपर्यंत स्वतःला पुढे रेटीत असे. आमच्या गोळीचे तसे नव्हे. तिला निघतानाच काय ते एकदा सांगून झालेले असते.

पुढचा प्रवास म्हणजे दोन स्वतंत्र गतींची जोडी. आडवी गती बदलत नाही. उभी गती मात्र गुरुत्वाकर्षणामुळे क्षणाक्षणाला बदलते. गॅलिलिओने १६३८ साली आपल्या ग्रंथात हे उलगडून दाखविले. याचा पडताळा आपण कानांनीही घेऊ शकता. टेबलाच्या कडेवरून एक गोळी नुसती खाली सोडा आणि त्याच क्षणी, तितक्याच उंचीवरून, दुसरी आडवी उडवा. दुसरी कितीतरी लांब जाऊन पडेल. पण फरशीवर आवाज होईल तो एकच.

मुलीने याच गोष्टीचा उपयोग करून घड्याळावाचून गोळीचा वेग काढला. नळी आडवी ठेवली, तिचे तोंड फरशीपासून ७५ सेंटीमीटर उंचीवर. इतक्या उंचीवरून पडावयास सेकंदाचे ३९ शतांश लागतात. तेवढ्या वेळात गोळी ११७ सेंटीमीटर गेली. म्हणजे वेग झाला सेकंदाला तीन मीटर. मी मनातून खूष झालो.

मग नळी तिरपी झाली. कोनमापक आणि ओळंबा लावून ती कोन बेतीत होती. नळीचे तोंड दर वेळी त्याच उंचीवर आणीत होती. फरशीवर पांढरा कागद, त्यावर कार्बन कागद. गोळी पडली की खाली काळा ठिपका उठे. प्रत्येक कोनासाठी पाच वेळा मोजून तिने सरासरी काढली आणि वही माझ्यापुढे ठेवली. तीस अंशांवर १४४ सेंटीमीटर, पंचेचाळीसवर १३४, साठवर १०४.

पंचेचाळीस अंश तिसाच्या मागे पडले होते, आणि जे तीस व साठ जुळे भाऊ म्हणून मी सांगितले होते, त्यांच्यात चाळीस सेंटीमीटरांचे अंतर! मी म्हटले, "तुझे मोजण्यात काहीतरी चुकले आहे." ती काही बोलली नाही. निमूटपणे उठली आणि पाचाच्या ऐवजी दहा वेळा मोजून आली. ठिपके जवळजवळ तेथेच होते.

चूक माझी होती. पंचेचाळीस अंशांचा नियम खरा आहे. पण तो गोळी निघाली त्याच पातळीवर येऊन पडणार असेल तेव्हाचा. आमची गोळी टेबलावरून निघून फरशीवर पडत होती. निघालेल्या पातळीवर परत आल्यानंतरही तिचा प्रवास पाऊण मीटर खाली चालूच होता, आणि त्या जादा वेळात जिची आडवी गती अधिक, तिचाच लाभ अधिक. तिसावर निघालेल्या गोळीची आडवी गती सेकंदाला दोन मीटर साठ सेंटीमीटर; साठावर निघालेलीची अवघी दीड मीटर. नियमाची अट मी विसरलो होतो आणि दोष मापाला देत होतो.

नव्याने गणित मांडले. पल्ले आले १४९, १४१ आणि १११. क्रम जुळला, पण प्रत्येक ठिकाणी पाच ते सात सेंटीमीटर कमीच. मी म्हणालो, "हवेचा विरोध, दुसरे काय!" लहानशी जड पोलादी गोळी, सव्वा-दीड मीटरांचा प्रवास, तेवढ्यात हवा तिला इतके कसे अडविणार? पण मला प्रकरण मिटवावयाचे होते. तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, तीन मीटरांचा वेग आपण नळी आडवी ठेवून मोजला होता ना? तिरप्या नळीतही तोच राहतो हे कशावरून?"

मी निरुत्तर झालो. नळी तिरपी असली की स्प्रिंगला गोळी नुसती ढकलावी लागत नाही, थोडी वर उचलावीही लागते. त्या उचलण्यात ऊर्जेचा काही अंश खर्ची पडतो आणि गोळी बाहेर येते ती जरा मंदावून. तो हिशेब आम्ही दोघांनी मिळून केला. उत्तरे आली १४४, १३४ आणि १०४.

श्रोतेहो, आनंद व्हावयास हवा होता, आणि झालाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण मला माझे विद्यार्थिदशेतले दिवस आठवले. प्रयोगशाळेत आम्ही आधी उत्तर पाहत असू आणि मग त्याला साजेशी मापे लिहीत असू. त्याला आमच्यात कोणी खोटेपणा म्हणत नसे.

ती सवय तेथेच राहिली असती तरी बरे झाले असते. नोकरीच्या आरंभीच्या काळात माझ्याकडे विहिरींच्या पाण्याच्या पातळीचे आकडे येत. एका वर्षी पाऊस चांगला झाला होता, सर्वत्र पातळी वर होती. एका गावचेच आकडे तेवढे खाली. मी ते लेखनदोष समजलो, शेजारच्या गावांची सरासरी काढली आणि तक्ता सुबक करून वर पाठविला. आकडे बरोबर होते. त्या गावाचे पाणी खरोखरच आटले होते, आणि चैत्रात तेथे टँकर पोहोचला तो इतर टंचाईग्रस्त गावांच्या मागाहून. मला कोणी जाब विचारला नाही. तक्त्यात दोष नव्हताच.

त्या गावच्या तलाठ्यानेही माझ्या मुलीप्रमाणे जेथे ठिपका उठला तेच लिहिले होते. फरक इतकाच की तिला पुन्हा मोजण्याची आणि मला प्रश्न विचारण्याची मुभा होती.

ज्यांच्या हाती अहवाल येतात आणि ज्यांच्या हाती मुलांच्या वह्या येतात, अशा सर्वांना मला एवढेच सांगावयाचे आहे. न जुळणारे माप पुन्हा तपासावे, अवश्य तपासावे. पण ते तसेच राहिले तर त्यावर रेघ ओढू नये. आपण कोणती अट विसरलो, ते सांगावयास ते आलेले असते.

मुलीच्या वहीत 'बाबांचे भाकीत' अजून आहे. मी ते खोडावयास सांगितले होते. ती म्हणाली, "नाही बाबा, तेही जसे होते तसेच राहू द्या."